‘देवमाणूस’ : एका खूनमालिकेतील उपहासाच्या हुकलेल्या शक्यता

प्रास्ताविक

मराठी समीक्षेने खूनकथा आणि रहस्यकथा या प्रकारांची दखल फारशी गांभीर्याने घेतलेली नाही. बाबुराव अर्नाळकरांच्या शेकडो रहस्यकथा वाचकांच्या दोन-तीन पिढ्यांनी वाचल्या. वाङ्मयेतिहासात मात्र त्यांच्या वाट्याला ओझरते उल्लेखच आले. दूरचित्रवाणीवरील मालिकेची स्थिती याहून बिकट आहे. ती छापील संहिता नसल्याने साहित्याभ्यासाच्या कक्षेत येत नाही आणि तिच्या दर्जाविषयीचा निर्णय बहुधा ती न पाहताच दिला जातो. ‘सवंग’ या एका विशेषणात विषय संपतो. याच्या उलट टोकाला लोकप्रियता हाच गुण मानणारी भूमिका असते. या दोन्ही भूमिकांत कृतीच्या अंतर्गत रचनेचा विचार टळतो.

‘झी मराठी’ वाहिनीवर ऑगस्ट २०२० ते ऑगस्ट २०२१ या काळात प्रसारित झालेली ‘देवमाणूस’ ही मालिका या दृष्टीने अभ्यासनीय आहे. ती सवंग आहे, हे मान्य करण्यास प्रत्यवाय नाही. परंतु तिने हाताळलेल्या सामग्रीत एका तीव्र सामाजिक उपहासाची बीजे होती. ती का अंकुरली नाहीत, याचा शोध घेतल्यास मालिकेच्या मर्यादांबरोबरच उपहास या वाङ्मयीन वृत्तीच्या अटींवरही प्रकाश पडू शकेल. प्रस्तुत लेखाचा हेतू एवढाच आहे.

१. मालिका आणि तिची पार्श्वभूमी

मालिकेचे कथासूत्र थोडक्यात असे : देवीसिंग नावाचा एक भामटा ‘डॉक्टर अजितकुमार देव’ हे नाव धारण करून एका खेड्यात दवाखाना थाटतो. मृदू बोलणे आणि अडीअडचणीला धावून जाण्याची तत्परता यांमुळे गाव त्याला देवमाणूस मानू लागते. या प्रतिमेच्या आड तो स्त्रियांना नादी लावतो, त्यांचा पैसा लुबाडतो आणि अडथळा ठरणाऱ्यांचे खून करतो. खुनी कोण, हे प्रेक्षकाला आरंभापासून ठाऊक असते; गावाला ते ठाऊक नसते. दिव्या सिंग ही पोलीस अधिकारी त्याचा माग काढते आणि प्रकरण न्यायालयापर्यंत जाते. डिसेंबर २०२१ मध्ये मालिकेचे दुसरे पर्व सुरू झाले आणि २०२५ मध्ये ‘मधला अध्याय’ या उपशीर्षकासह आणखी एक पर्व आले. किरण गायकवाड यांनी रंगविलेला डॉक्टर हा या साऱ्याचा केंद्रबिंदू होय.

मालिकेची प्रेरणा सातारा जिल्ह्यातील वाई परिसरात ऑगस्ट २०१६ मध्ये उघडकीस आलेल्या एका प्रकरणात असल्याचे सर्वत्र सांगितले गेले. ‘डॉक्टर’ म्हणून वावरणाऱ्या एका इसमावर पाच स्त्रिया व एक पुरुष अशा सहा जणांच्या हत्येचा आरोप ठेवण्यात आला. आरोपाचा निवाडा हा न्यायालयाचा विषय आहे. तो येथे अप्रस्तुत आहे. साहित्याच्या अभ्यासकाला त्यातील एक तपशील मात्र विसरता येणार नाही. या व्यक्ती बेपत्ता होण्याच्या घटना २००३ पासूनच्या होत्या. म्हणजे तेरा वर्षांच्या काळात एकाच परिसरातून माणसे एकामागून एक नाहीशी झाली आणि गाव, नातलग व शासनयंत्रणा यांपैकी कोणालाही या घटनांची साखळी जुळवता आली नाही. आरोपीच्या क्रौर्याइतकीच ही सामूहिक अनवधानाची घटना भयावह आहे. पहिली गोष्ट खूनकथेचा विषय होते, दुसरी उपहासाचा.

२. उपलब्ध सामग्री

उपहास, उपरोध आणि विडंबन या संज्ञा मराठीत अनेकदा परस्परांच्या जागी वापरल्या जातात. प्रस्तुत विवेचनापुरता त्यांतील भेद असा मानता येईल : उपरोध म्हणजे उच्चारलेल्या आणि अभिप्रेत अर्थांतील विरोध, विडंबन म्हणजे एखाद्या रूपाची हेतुपूर्वक केलेली विकृत नक्कल, आणि उपहास म्हणजे समाजाच्या एखाद्या दोषावर हास्याच्या साह्याने केलेला नैतिक प्रहार. उपरोध व विडंबन ही साधने होत, तर उपहास हे प्रयोजन होय.

या भेदाच्या प्रकाशात ‘देवमाणूस’ हे शीर्षकच प्रथम पाहण्याजोगे आहे. निःस्वार्थ, परोपकारी व्यक्तीसाठी मराठीत हा शब्द इतक्या सहजपणे वापरला जातो की त्यातील ‘देव’ या पदाचा मूळ अर्थ झिजून गेला आहे. एखाद्या हयात माणसाला देवपण बहाल करणे म्हणजे त्याला प्रश्न विचारण्याचा आपला अधिकार सोडून देणे होय, हे हा शब्द उच्चारताना कोणाच्या ध्यानातही येत नाही. त्यात नायकाचे बनावट आडनावही ‘देव’. हे मराठीतील एक प्रचलित आडनाव असल्याने श्लेष ओढूनताणून केल्यासारखा वाटत नाही. स्तुतिवाचक शब्दाला खुनाच्या संदर्भात ठेवणे हा उपरोधाचा उत्तम आरंभ होता.

दुसरी सामग्री म्हणजे वैद्यकीय व्यवसायाभोवतीचे वलय. शासकीय निकषानुसार सपाट प्रदेशात ३० हजार लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र अपेक्षित असते. डोंगराळ व आदिवासी भागात हा आकडा २० हजार आहे. या अंतरांमध्ये जे गाव पडते, त्याला दारात आलेला डॉक्टर हा प्रसादच वाटतो. त्याचे प्रमाणपत्र पाहावे, नोंदणी विचारावी, असे कोणाच्या मनातही येत नाही. नोंदणी नसताना वैद्यकीय व्यवसाय करण्यास ‘महाराष्ट्र वैद्यक व्यवसायी अधिनियम, १९६१’ अन्वये मनाई आहे. परंतु कायद्याचे कलम आणि रात्री तापाने फणफणलेले मूल यांत गाव कशाकडे पाहील, हे उघड आहे. तोतया डॉक्टर हा एका उणिवेतून जन्मतो. ती उणीव दाखविली असती तर गावकऱ्यांच्या भोळेपणाला करुणेची आणि व्यवस्थेच्या बेपर्वाईला उपहासाची धार आली असती.

तिसरी सामग्री काळाने पुरविली. मालिका सुरू झाली ते करोना साथीचे वर्ष होते. २२ मार्च २०२० रोजी देशभर डॉक्टर व आरोग्यसेवकांसाठी टाळ्या-थाळ्या वाजविल्या गेल्या. ३ मे रोजी रुग्णालयांवर आकाशातून पुष्पवृष्टी झाली. आणि त्याच एप्रिलमध्ये आरोग्यसेवकांवरील हल्ल्यांना आळा घालण्यासाठी केंद्र शासनाला अध्यादेश काढावा लागला. डॉक्टरला देव मानणारा आणि त्याच्यावर दगड उचलणारा समाज एकच होता. देव मानलेल्याकडून चमत्काराची अपेक्षा असते आणि ती फोल ठरली की पूजेचे रूपांतर हिंसेत होते. ‘देवमाणूस’ हा शब्द त्या वर्षी जितका अर्थगर्भ होता तितका क्वचितच कधी असेल. तथापि मालिकेने त्याचा उपयोग केवळ नायकाच्या दुटप्पीपणाची खूण म्हणून केला.

३. हास्य आणि हत्या यांची फारकत

मालिकेत विनोदाचा अभाव आहे, असे कोणी म्हणणार नाही. उलट तिच्या लोकप्रियतेचा मोठा वाटा विनोदी पात्रांकडे जातो. फटकळ, म्हणींतून बोलणारी सरू आजी, आगाऊ टोण्या, बज्यासारखे भाबडे तरुण ही पात्रे प्रेक्षकांच्या बोलण्यात आली. सरू आजीच्या म्हणींत लोकभाषेचा खरा ठसका आहे. ग्रामीण स्त्रीच्या तोंडची ही निर्भीड, प्रसंगी अश्लीलतेकडे झुकणारी भाषा मराठीच्या अभ्यासकाला स्वतंत्रपणेही अभ्यासावीशी वाटेल.

प्रश्न या हास्याच्या रोखाचा आहे. आजीच्या म्हणींचा मारा बहुतांशी घरातल्या माणसांवर होतो : मुलाचा नाकर्तेपणा, सुनेचे वागणे, नातवंडांचा उनाडपणा. गावाने डॉक्टरला बहाल केलेल्या देवपणाकडे हा मारा वळत नाही. विनोदी प्रसंग संपतो, पार्श्वसंगीत बदलते आणि खुनाचा प्रसंग सुरू होतो. खुनाचा ताण असह्य होऊ नये म्हणून विनोद, आणि विनोद पसरट होऊ नये म्हणून खून, अशी ही वाटणी आहे. हास्य व भीती एकमेकांना उसंत देतात. परस्परांत मिसळत नाहीत.

मराठी लोकरंगभूमीत या दोहोंना एकत्र आणण्याची रीत जुनीच आहे. वगनाट्यातील सोंगाड्या राजाच्या समोर उभा राहून, वेड पांघरून, राजाविषयीचे सत्य बोलून जातो. त्याचा विनोद कथानकाबाहेरचा विसावा नसतो. सत्तेच्या ढोंगावर बोट ठेवण्याची ती सोय असते. एकनाथांच्या भारुडांतही सोंग घेणारा ज्याचे सोंग घेतो त्याचीच परीक्षा घेतो. सरू आजीमध्ये या परंपरेची वारसदार होण्याची क्षमता होती. वयाने मिळालेले स्वातंत्र्य, भाषेचा अधिकार आणि गमावण्यासारखे काही नसलेल्या माणसाचे धाडस तिच्याजवळ होते. संहितेने तिला बोलके केले, परंतु ज्याविषयी बोलावे तो विषय तिच्या हाती दिला नाही.

प्रेक्षकाला ठाऊक असलेले पात्रांना ठाऊक नसणे हा नाट्यगत उपरोध मालिकेच्या प्रत्येक भागात आहे. गावकरी डॉक्टरला हात जोडतात तेव्हा प्रेक्षकाला त्या हातजोडणीतील भीषणता कळते. हा क्षण उपहासाच्या अगदी निकटचा आहे. परंतु त्यापुढे प्रेक्षकाच्या मनात जागवला जाणारा प्रश्न असतो तो ‘आता कोणाची पाळी?’ हा. ‘हे लोक याला का मानतात?’ हा प्रश्न जागा होत नाही. उपरोध उत्कंठेच्या कामी खर्ची पडतो.

४. ‘तो मी नव्हेच’ : एक तुलना

प्रत्यक्ष घडलेल्या गुन्हेगारी प्रकरणातून उपहास निर्माण करणे मराठीला अशक्य नव्हते. आचार्य अत्रे यांचे ‘तो मी नव्हेच’ (१९६२) हे नाटक याची साक्ष होय. त्याचा आधारही खऱ्या खटल्याचा. त्यातही निरनिराळी नावे धारण करून स्त्रियांना फसविणारा भामटा. फिरत्या रंगमंचाच्या साह्याने न्यायालय आणि भूतकाळातील प्रसंग यांची गुंफण करण्यात आली आणि प्रभाकर पणशीकर यांनी निपाणीचा तंबाखूचा व्यापारी लखोबा लोखंडे व त्याची इतर रूपे साकारली.

या रूपांची निवड विचारपूर्वक आहे. कॅप्टन अशोक परांजपे हे नाव लष्करी हुद्द्याचे आकर्षण जागवते. राधेश्याम महाराज हे रूप धर्मश्रद्धेला हात घालते. दिवाकर दातार हे नाव जातीच्या व कुलीनतेच्या विश्वासावर उभे आहे. प्रत्येक सोंग समाजाच्या एका हव्यासाचा साचा आहे आणि भामटा त्या साच्यात स्वतःला ओततो. मुलीसाठी चांगले स्थळ हवे, या घाईत चौकशी करण्याचे भान सुटलेली कुटुंबे त्याच्या यशाची भागीदार ठरतात. साक्षीदार पिंजऱ्यात उभे राहून आरोपीची लबाडी सांगतात, तेव्हा ते नकळत स्वतःच्या मोहाचीही कबुली देत असतात. आरोपी मात्र निर्विकारपणे नाकारत राहतो. प्रेक्षक हसतो तो या दुहेरी दृश्याला.

‘देवमाणूस’मध्येही पुढे खटल्याचे प्रकरण येते आणि तेथेही ओळख नाकारण्याचा प्रश्न उभा राहतो. तथापि येथे न्यायालय हे केवळ डावपेचांचे मैदान आहे. पुरावा सापडेल की नाही, यावर सारे लक्ष केंद्रित होते. अत्र्यांच्या नाटकात न्यायालयाची रचना समाजाला साक्षीला बोलावण्यासाठी वापरली आहे. दोन्ही कृतींत भामटा एकच, खटला एकच. फरक पडतो तो साक्षीदारांकडे कसे पाहिले आहे यामुळे.

कालावधीचा मुद्दाही येथे लक्षात घ्यावा लागतो. खून हा विवाहविषयक फसवणुकीहून गंभीर गुन्हा असल्याने त्यावर हसता येणार नाही, असा आक्षेप संभवतो. त्यासाठी मराठीबाहेरील दोन उदाहरणे उपयुक्त ठरतील.

५. दोन परकीय आदर्श

ज्यूल रोमँ या फ्रेंच लेखकाचे ‘नॉक’ (१९२३) हे नाटक डॉक्टर व गाव याच नात्यावर उभे आहे. नॉक हा एका आडगावात दवाखाना विकत घेतो. गाव ठणठणीत असल्याने आधीच्या डॉक्टरचा धंदा बुडालेला असतो. नॉक दवंडी पिटवून मोफत तपासणी जाहीर करतो आणि प्रत्येकाला आपण आजारी असल्याची जाणीव करून देतो. अखेरीस अवघे गाव अंथरुणाला खिळते, हॉटेलचे रुग्णालय होते आणि जुना डॉक्टरही स्वतःच्या प्रकृतीविषयी साशंक होतो. नाटकात कोणाचा खून होत नाही. परंतु ज्ञानाची सत्ता माणसाला कशी शरण आणते, हे हसत हसत दाखविले जाते. विशेष म्हणजे गावकरी नॉकवर रुष्ट नसतात. आजारपणामुळे त्यांना महत्त्व आल्यासारखे वाटते. शरणागतीतील हे सुख ओळखणे हीच या नाटकाची भेदक दृष्टी आहे.

चार्ली चॅप्लिनचा ‘मस्यू व्हर्दू’ (१९४७) हा चित्रपट थेट हत्यांचाच आहे. लांद्रू या फ्रेंच खुन्याच्या प्रकरणावरून सुचलेल्या या कथेत नोकरी गमावलेला बँकेतील कारकून श्रीमंत स्त्रियांशी लग्ने करून त्यांना ठार मारतो. तो हे काम व्यवसायाच्या काटेकोरपणाने करतो. अखेरीस शिक्षा होताना तो आपल्या थोड्या हत्यांची तुलना युद्धातील सामुदायिक संहाराशी करतो. त्याला निर्दोष ठरविणे हा चित्रपटाचा उद्देश नाही. त्याला दोषी ठरविणाऱ्या जगालाही आरशासमोर उभे करणे हा आहे. हत्या हा उपहासाला वर्ज्य विषय नाही, हे यावरून स्पष्ट व्हावे. अट एवढीच की हास्याचे लक्ष्य मृत व्यक्ती असू नये.

६. बळींचा प्रश्न

ही अट ‘देवमाणूस’च्या संदर्भात विशेष महत्त्वाची ठरते. मालिकेतील बळी प्रामुख्याने स्त्रिया आहेत. त्यांची ओळख प्रेक्षकाला होते ती डॉक्टरच्या नजरेतून : आकर्षक, एकाकी, पैसा बाळगून असलेली, सहज भुलणारी. छायाचित्रणही त्याच नजरेचे अनुकरण करते. खुनानंतर त्या स्त्रीची जागा पुढील स्त्री घेते. गेलेल्या स्त्रीची आठवण कथानकाला पुरावा म्हणून लागते. माणूस म्हणून क्वचितच लागते.

विधवा, परित्यक्ता, कर्जात अडकलेली किंवा घराच्या चौकटीबाहेर पाऊल टाकलेली स्त्री नाहीशी झाली तर गाव काय म्हणते? ‘गेली असेल कोणाबरोबर.’ या तीन शब्दांत एक संपूर्ण समाजव्यवस्था सामावलेली आहे. स्त्रीच्या चारित्र्याविषयी सदैव जागरूक असणारे गाव तिच्या जिवाविषयी उदासीन असते. खुन्याला लपण्यासाठी याहून सुरक्षित जागा कोणती? गावाची कुजबुज हीच त्याची साथीदार. या विसंगतीवर एक जरी प्रसंग उभारला असता, तरी मालिकेची प्रत बदलली असती. मालिकेने मात्र बेपत्ता होण्याची सामाजिक सुलभता खुन्याच्या चातुर्याच्या खाती जमा केली.

डिंपल या पात्राच्या रूपाने आणखी एक संधी आली होती. डॉक्टरचे खरे रूप कळल्यावरही ती त्याची साथ करते, त्याच्याशी लग्नाची स्वप्ने पाहते. डॉक्टरीणबाई होण्याची तिची हाव ही वैयक्तिक विकृती नाही. प्रतिष्ठेच्या सामाजिक शिडीवर चढण्याची ती ओळखीची धडपड आहे. ‘तो मी नव्हेच’मधील चांगल्या स्थळाचा हव्यास येथे गुन्ह्यातील सहभागापर्यंत जातो. मालिका मात्र तिला खलनायिकेच्या ठरावीक भूमिकेत बसवते.

७. हुकण्याची कारणे

या साऱ्याचा दोष केवळ लेखनाच्या उणिवेकडे देणे अन्यायाचे होईल. दैनंदिन मालिका या रूपबंधाच्या काही अंगभूत मर्यादा आहेत.

पहिली मर्यादा शेवटाच्या अभावाची. उपहास हा निर्णयाकडे जाणारा प्रकार आहे. कोठेतरी थांबून ‘हे असे आहे’ असे त्याला म्हणावे लागते. दैनंदिन मालिका थांबत नाही. खुनी पकडला गेला तरी सुटला पाहिजे, मेला तरी परतला पाहिजे. पर्वे वाढत जातात तसतसा तो परिचित होतो आणि परिचयातून त्याच्याविषयी एक प्रकारची जवळीक निर्माण होते. ज्या आंधळ्या आसक्तीचा उपहास व्हावयास हवा होता, तीच आसक्ती मालिका आपल्या प्रेक्षकांत नकळत रुजवते.

दुसरी मर्यादा व्यक्तिकेंद्री नीतिकल्पनेची. एका बाजूला विकृत पुरुष, दुसऱ्या बाजूला कर्तव्यदक्ष अधिकारी. दोन व्यक्तींच्या या झुंजीत संस्था दिसेनाशा होतात. तेरा वर्षांच्या अनवधानाची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न एका धडाडीच्या पोलीस अधिकाऱ्याच्या आगमनाने मिटतो.

तिसरी मर्यादा अधिक नाजूक आहे. येथे उपहासाचे लक्ष्य ठरणारा समाज आणि रात्री साडेदहाला मालिका पाहणारा समाज हे वेगळे नाहीत. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांच्या ‘सुदाम्याचे पोहे’मधील सुदामा स्वतःही त्या रूढिप्रिय मंडळींतलाच एक असतो, म्हणून वाचक दुखावला न जाता स्वतःला ओळखतो. ही युक्ती मराठीला शंभर वर्षांहून अधिक काळ ज्ञात आहे. मालिकेने ती अंगीकारली नाही. तिने गावाला भाबडे ठरविले आणि प्रेक्षकाला शहाणे. सारे काही ठाऊक असलेल्या प्रेक्षकाला स्वतःकडे पाहण्याची गरजच उरली नाही.

एक आक्षेप येथे विचारात घेणे अगत्याचे आहे. मालिकेने जे करावयाचे ठरविलेच नव्हते त्यावरून तिचे मूल्यमापन करणे रास्त आहे काय? सामान्यतः ते रास्त नाही. परंतु कलाकृती स्वतःच काही आश्वासने देत असते. ‘देवमाणूस’ या शीर्षकाने एका सामाजिक सवयीचे नाव घेतले. सत्य घटनेच्या आधाराने खऱ्या माणसांच्या मृत्यूशी नाते जोडले. ही दोन्ही आश्वासने पाळली गेली नाहीत, असे म्हणणे हे कृतीबाहेरील निकष लादणे नव्हे.

निष्कर्ष

‘देवमाणूस’मध्ये उपरोध आहे, विनोद आहे, भीषणता आहे; उपहास नाही. या घटकांची नुसती उपस्थिती उपहासाला पुरेशी नसते. हास्याचा रोख जेथे गुन्हा शक्य झाला त्या सामाजिक जागेकडे वळावा लागतो, हे अत्रे, रोमँ आणि चॅप्लिन यांच्या कृतींशी केलेल्या तुलनेवरून दिसते. सातारा हा डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा जिल्हा. अंधश्रद्धेविरुद्ध आयुष्यभर लढा देणाऱ्या या डॉक्टरची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाली आणि त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा अस्तित्वात आला. प्रश्न विचारा, हे सांगणारा डॉक्टर आणि प्रश्न विचारले जाणार नाहीत या खात्रीवर जगणारा तोतया डॉक्टर यांतील विरोध कथानकाच्या भूमीतच उपलब्ध होता.

पदव्युत्तर वर्गात उपहासाचे अध्यापन करताना बहुधा यशस्वी कृतींचेच दाखले दिले जातात. ‘तो मी नव्हेच’ आणि ‘देवमाणूस’ यांतील न्यायालयाचे प्रसंग शेजारी ठेवून साक्षीदारांचे चित्रण तपासल्यास, रोख बदलताच हास्याचे कार्य कसे बदलते, हे विद्यार्थ्यांच्या अधिक स्पष्टपणे ध्यानात येईल. नाहीशा झालेल्या माणसांविषयी गाव काय बोलते आणि काय बोलत नाही, हा प्रश्न त्या तपासणीच्या आरंभी असावा.